भुवईवर टाके घातलेलं प्यादं

त्या प्रकरणाचा विषय निघाला की माझ्यासारख्या बोलघेवड्याचीही वाचा बसते. नोकरीत मी काय नाही पाहिलं? समुद्रातून आलेली दारू पाहिली, विहिरीत नाकापर्यंत बुडून बसलेला दरोडेखोर पाहिला. स्वतःच्याच घरात चोरी करून फिर्याद द्यायला आलेला आणि ती देताना खराखुरा रडलेला एक सज्जनही पाहिला. पण समोर खुर्ची असून बसायचं विसरलो, असं एकदाच झालं. नावं मात्र कुणाचीही सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच खाडीवर आहेत आणि मला अधूनमधून तिथली सुकट लागते.

आमचं ठाणं आगरदांड्याच्या जेटीपासून फार लांब नव्हतं. फेरीबोट खाडी ओलांडून पलीकडे दिघीला जायची आणि परत यायची, तो आमचा घड्याळाचा काटा. ठाण्यातला पंखा इतका सावकाश फिरे, की त्याच्या पात्यावर बसलेली पाल खाली उतरून पाणी पिऊन परत आपल्या जागी जाऊन बसे. आमच्या हवालदाराचा आवाज असा, की त्याने आगरदांड्याला शिंक दिली तर दिघीला बांधलेल्या होड्या सुटाव्यात. माझी बायको म्हणते, मी वाढवून सांगतो. असेल. पण यापुढचं मी वाढवलेलं नाही, कारण वाढवायला जागाच नव्हती.

एका सकाळी एक कोळी स्वतःहून ठाण्यात आला. अंगावरचे कपडे ओले होते. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "मी भावाला मारला. लिवून घ्या."

दोघे भाऊ एकाच होडीवर मासेमारी करत. धाकट्याला माणगावकडे एका कारखान्यात काम मिळालं होतं, त्याला होडी सोडायची होती. थोरल्याला ते मान्य नव्हतं. त्या रात्री थोरला प्यालेला होता. समुद्रात बाचाबाची झाली, त्याने वल्हं उचललं आणि धाकट्याच्या डोक्यात घातलं. धाकटा पाण्यात गेला तो वर आला नाही. थोरल्याने उजाडेपर्यंत हाका मारल्या, मग होडी किनाऱ्याला लावून सरळ आमच्याकडे आला.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हे शिपायालाही ठाऊक असतं. पण होडीच्या काठावर रक्त होतं, वल्ह्यावर रक्त होतं. पंचनामा झाला, वल्हं मुद्देमालात जमा झालं, गुन्हा दाखल झाला. शोध घ्यायला होड्या गेल्या, सागरी गस्तीच्या बोटीही फिरल्या. प्रेत मिळालं नाही. ओहोटीच्या धारेला लागलं असेल, असं जाणकार म्हणाले. धाकट्याचा फोटो मी टेबलाच्या काचेखाली सरकवला. हसरा चेहरा, जाड भुवया, कानात बाळी.

थोरल्याला पोलीस कोठडी मिळाली. ती संपली की तो अलिबागला न्यायालयीन कोठडीत जाणार आणि पुढे खुनाचा खटला. वकील देऊ का विचारलं तर म्हणाला, "मला फाशी द्या, तेवढंच करा." रोज तेच. गजाशी तोंड करून बसायचा आणि कुणी जवळून गेलं की म्हणायचा, "सायेब, कवा देनार?"

त्याची आई रोज दुपारी डबा घेऊन यायची. विधवा बाई, कमरेला खोचलेलं लुगडं, एका बाजूला चेपलेला स्टीलचा डबा. नियमाप्रमाणे हवालदार डबा उघडून तपासायचा आणि दर वेळी त्याचं नाक फुगायचं. एके दिवशी त्याला राहवलं नाही.

"मावशे, घरात सुतक ना? आणि कालवण आणतेस?"

बाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "प्रेत मिलालं काय तुमाला? मग कसलं सुतक?"

हवालदार ओशाळला. मीही मनात म्हटलं, आईचं काळीज आहे, पोर गेल्याचं मानत नाही. थोरला मात्र सुतक पाळत होता. भाताचे दोन घास खायचा आणि मासळीला हात लावायचा नाही. भावाचं सुतक कोठडीत बसून पाळणारा खुनी मी त्याआधी पाहिला नव्हता. बाई गच्च भरलेला डबा तसाच झाकायची आणि जेटीच्या दिशेने निघून जायची. तिचं घर त्याच वाटेवर होतं, त्यामुळे कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

अशात खबर आली. जेटीजवळचा भंगारवाला माझा जुना खबऱ्या. दबक्या आवाजात बोलायची त्याला इतकी सवय, की बाजारात भाव करतानाही कुजबुजायचा.

"साहेब, इमानसे सांगतो, मामला गडबड है. वरच्या वाडीत त्या बंद बंगल्यात एक मुंबईवाला राहतो. माझ्याकडून जाळ्याचं जुनं शिसं घेतो. किलो किलोनं. मच्छी तर पकडत नाय. मग शिसं कशाला?"

"कशाला?"

"मशीन चालतं. शिसं वितळवतो. आन खोक्यातून माल बाहेरदेशी जातो. छोटा छोटा माल, वजनदार." त्याने अंगठा आणि तर्जनी उभी धरून माप दाखवलं. बंदुकीच्या गोळीपेक्षा जरा मोठं.

आमच्या किनाऱ्यावर पूर्वी स्फोटकं उतरली होती, हे सगळ्या देशाला माहीत आहे. तेव्हापासून इथे अनोळखी माणसाने नारळ जरा जोरात आपटला तरी ठाण्यात फोन येतो. मी डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले, चार शिपाई घेतले आणि बंगल्याला वेढा दिला. हवालदाराने दारावर थाप मारली. थापेने दार उघडलं नाही, त्याच्या आवाजाने उघडलं.

आत एक चाळिशीचा माणूस. केसांची शेंडी मागे बांधलेली, चष्मा कपाळावर, हातभर गिलावा लागलेला. लांबलचक टेबलावर, कपाटांत, खिडकीच्या कठड्यावर, जिथे नजर जाईल तिथे वस्तू उभ्या होत्या. रांगेत, शिस्तीत, एकमेकांकडे तोंड करून. एक शिपाई पुढे झाला, त्याने एक उचलून घेतली आणि लगेच दचकून खाली ठेवली.

"साहेब, जड आहे."

"ठेवू नका तसं, सर, प्लीज," तो माणूस म्हणाला. "रंग ओला आहे. हत्ती आहे तो."

"कसला हत्ती?"

"बुद्धिबळातला, सर."

तर साहेबांचा छापा बुद्धिबळाच्या सोंगट्यांवर पडला होता. माझे पंच एकमेकांकडे बघत हसू दाबत होते. हवालदार पंचनामा लिहायला बसला होता, त्याने मान वर केली. "साहेब, काय लिहू? बत्तीस इसम, उंची बोटाएवढी?"

आता आलोच होतो, तर बघून घ्यावं म्हणून मी ते सगळं पाहिलं. आणि खरं सांगतो, डोळे दिपले. तो माणूस नव्या पद्धतीच्या सोंगट्या बनवणारा होता. एका कपाटात त्याचा स्वतःचा संग्रह होता. एक पट अख्खा काचेचा, एक यंत्रांच्या नटबोल्टांचा, एक सिमेंटचा, त्यात प्रत्येक सोंगटी म्हणजे एक उंच इमारत. जगभर लोक म्हणे असले पट जमवतात आणि याच्यासारख्यांना सांगून आपल्या पसंतीचे करून घेतात. कुणाला राजाच्या जागी आपला आजोबा हवा असतो, कुणाला घोड्याच्या जागी आपला कुत्रा.

"आणि शिसं?"

"बुडाला, सर." त्याने एक सोंगटी उलटी केली. बुडाला हिरव्या बनातीची चकती. "आतून पोकळ असते. तिथे वजन भरावं लागतं. वजन नसेल तर हाताला खेळण्यासारखी लागते. खेळणाऱ्याचा धक्का लागला तरी डगमगून पुन्हा उभी राहिली पाहिजे." त्याने प्यादं बोटाने ढकललं. ते झुकलं, हललं आणि परत ताठ उभं राहिलं. "जाळ्याचं शिसं बेस्ट. लहान लहान तुकडे मिळतात."

सध्या तो कुणा परदेशी संग्राहकासाठी खाडीचा पट करत होता. हत्तीच्या जागी किल्ल्याचा बुरूज, घोड्याच्या जागी उसळी घेणारी सुरमई, उंटाच्या जागी डोलकाठी. आणि प्यादी म्हणजे माणसं. सोळाच्या सोळा वेगळी. एक फेरीबोटीचा तिकीटवाला, एक सुपारीवाला, एक मासे वाळवणारी म्हातारी. मी तिकीटवाल्याला ओळखलं आणि हसलो. त्याचा पुढचा पडका दातसुद्धा कोरला होता.

"सगळेजण प्यादी एकाच साच्यातली काढतात, सर," तो म्हणाला. "राजा, वजीर यांच्यावर मेहनत. मला ते पटत नाही. मी फेरीत बसून खऱ्या माणसांची चित्रं काढतो, मग मातीत घडवतो, मग साचा करतो. प्यादं मारलं गेलं तर खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे की कुणीतरी गेलं."

मी त्या रांगेवरून नजर फिरवत होतो आणि माझी नजर एका प्याद्यापाशी अडकली. हसरा चेहरा, जाड भुवया, कानात बाळी. माझ्या टेबलाच्या काचेखालचा चेहरा.

ते मी उचललं. खिशात टाकलं. मग सवयीप्रमाणे मी त्या माणसाला भलतंच विचारत सुटलो. हा सुपारीवाला कुठे भेटला, ही म्हातारी कोण, रंग कुठून आणतो. ज्या गोष्टीसाठी जीव कासावीस झालेला असतो ती सर्वांत शेवटी विचारावी, समोरचा तोवर मोकळा झालेला असतो.

शेवटी प्यादं खिशातून काढून त्याच्यासमोर ठेवलं. "आणि हा?"

"हा? हा दिघीचा, सर. दिघीच्या जेटीवर शेडखाली बसलेला. गेल्या आठवड्यात काढला."

"जुन्या फोटोवरून नाही ना?"

"छे. समोर बसून. ही भुवई बघा ना." त्याने जवळचं भिंग दिलं.

मी पाहिलं. डाव्या भुवईवर तिरकी चीर होती आणि त्या चिरेवर टाके. एकेक टाका सुईच्या टोकाएवढा. त्या माणसाने टाकेही सोडले नव्हते. आणि काचेखालच्या फोटोत भुवई अखंड होती, हे मी झोपेतही सांगितलं असतं.

मी भिंग खाली ठेवलं. "एकटा होता?"

"नाही, सर. एक मावशी होती. डबा घेऊन आली होती, हा खात होता. तिचाही चेहरा भारी होता, म्हणून मी तिला मोठं केलं." त्याने पटावरची वजिराची सोंगटी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "परदेशी लोक याला राणी म्हणतात ना, म्हणून बाई केली."

ताठ उभी कोळीण, कमरेला लुगडं खोचलेलं. कडेवर डबा, एका बाजूला चेपलेला.

हवालदार माझ्या खांद्यावरून पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज कुजबुजीएवढा निघाला. "साहेब, हा आपला डबा."

आम्ही ठाण्यात परतलो. खात्री करायची तर ती करू शकणारा एकच माणूस होता, आणि तो गजाआड होता. मी प्यादं गजांतून त्याच्या हातात दिलं. काही सांगितलं नाही. त्याने ते उजेडाकडे धरलं. मग त्याचा अंगठा हळूच त्या भुवईवर आला.

"ही खोक माझी हाय," तो म्हणाला. "हितंच लागलेलं वल्हं."

"नीट बघ. अजून काय दिसतं?"

तो बघत राहिला. बाहेर फेरीचा भोंगा वाजला. "टाके," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखा, "मेल्याला टाके कोन घालतं, सायेब?"

तो गज धरून खाली बसला. मी त्याला पुढचं, डब्याचं, सांगितलं नाही. मला सांगवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आली. तिला नेहमीसारखं आत सोडलं. थोरला भाताकडे बघत बसला, काही बोलला नाही. मी त्याला तसं बजावलं होतं. तिने डबा झाकला, जेटीकडे निघाली आणि घराच्या वळणावर न वळता सरळ फेरीत चढली. साध्या कपड्यांत हवालदार आणि मी मागच्या कठड्याला. हवालदाराला मी पूर्ण खाडीभर तोंडात पान धरून ठेवायला लावलं, नाहीतर तो बोलला असता आणि बाईने पाण्यात उडी मारली असती.

दिघीला शेडखाली धाकटा बसलेला. जिवंत. भुवईवर टाके. तिने डबा उघडला, थोरल्याने न खाल्लेलं कालवण त्याच्यापुढे ठेवलं आणि तो जेवू लागला. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. धाकट्याचा घास हातातच राहिला. बाई मात्र दचकली नाही.

"बसा, सायेब," ती म्हणाली. "जेवनार?"

खुर्ची होती. मी बसलो नाही, हे मघाशीच सांगितलं.

धाकटा घाबरून बोलत सुटला. पोहत तो पलीकडच्या खडकांना लागला होता, तिथून आईच्या बहिणीच्या घरी गेला, म्हसळ्याला डॉक्टरला खडकावरून पडलो असं सांगितलं. "मी आयेला म्हनालो, सायेब, जाऊन सांगतो म्हनालो. तिनं शपथ घातली."

"बाई," मी म्हटलं, "तुझा मोठा मुलगा खुनाच्या गुन्ह्यात आत आहे."

"ठावं हाय."

"तो रोज फाशी मागतो."

"ठावं हाय." तिने डब्याचं झाकण पदराने पुसलं. "याच्या बापानं मला मारलं, मी गप बसले. थोरला याला मारतो. गेल्या शिमग्याला याचा हात मोडला. मी तुमच्या ठान्यात आले. तवा तुमी नवता. तुमच्या मानसानं मला चाय पाजली आन बोलला, घरातलं घरात मिटव. पावसाआधी परत आले, परत चाय. मग ह्यो दुसऱ्या रात्री टाके घालून आला तवा मी बोलले, मारलं तर चाय देतात, मारून टाकलं तर कोठडी देतात. मला कोठडी पायजे होती, सायेब."

"आणि त्याला शिक्षा झाली असती तर?"

"प्रेताबिगर?" ती किंचित हसली. "मी म्हावरं इकते, सायेब. म्हावरं दाखवल्याबिगर कुनी पैसं देत न्हाय. तुमचं कोर्ट देल?"

हवालदाराच्या तोंडातलं पान कधी गिळलं गेलं, त्याला कळलं नाही.

"कधी सांगणार होतीस?"

ती पलीकडे आमच्या बाजूच्या किनाऱ्याकडे पाहत राहिली. "मी वाट बघते, तो कवा बोलेल, आये, मी पुन्ना हात उगारनार न्हाय. तेवढंच. तो रोज फाशी मागतो. फाशी मागनं सोपं हाय. मला त्याची फाशी नको."

खरं लपवून तिने आमची कोठडी वापरली होती, तीही आमच्याच सहीशिक्क्यानं. मला राग यायला हवा होता. राग येईपर्यंत थक्क होण्यातच वेळ गेला.

संध्याकाळच्या फेरीने सगळे परत आलो. ठाण्यात थोरल्याला बाहेर काढलं आणि धाकट्यासमोर उभं केलं. ठाण्यातली सगळी माणसं काम टाकून उभी होती. असा प्रसंग येतो तेव्हा आम्हा पोलिसांना वाटतं, आता मिठी पडेल, रडारड होईल, आपण तोंड फिरवून डोळे पुसू. थोरल्याचे ओठ हलले. त्याने हात पुढे केला, त्या टाक्यांना लावण्यासाठी, अगदी सावकाश.

धाकटा एक पाऊल मागे सरकला आणि त्याचा हात आपोआप डोक्यावर गेला.

थोरल्याचा हात हवेत तसाच राहिला. मी माझ्या आयुष्यात इतकं लाजलेलं माणसाचं तोंड पाहिलं नाही. तो आईकडे वळला. "तुला ठावं होतं, आये?"

"व्हय."

त्याने मान हलवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आज मला सोडू नका, सायेब. आज मी हितंच ऱ्हातो."

सोडायचा प्रश्नच नव्हता. खुनाचं कलम काढण्यासाठी न्यायालयात अहवाल गेला, पण गंभीर दुखापतीचं कलम राहिलं, कारण धाकट्याने या वेळी जबाब दिला. आईच्या शेजारी बसून, खालमानेने, पण प्रत्येक शब्द दिला. बाईनेही दिशाभूल केल्याचं न्यायालयापुढे स्वतः सांगितलं. वकिलाने समजावलं तरी एक शब्द मागे घेतला नाही. थोरल्याला शिक्षा झाली, फार मोठी नाही. शिक्षा ऐकून तो आईला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. बाई मात्र तिथेच बाकावर बसली आणि पहिल्यांदा रडली. धाकटा माणगावला कामाला लागला. होडी अजून चालते, आता तिच्यावर दुसऱ्याच घरची पोरं जातात.

निवृत्तीनंतर व्याख्यानाला बोलावलं की लोकांना वाटतं, मी हुशारीच्या गोष्टी सांगीन. भिंग, टाके, सोंगटी वगैरे. ती हुशारी माझी नव्हतीच. एका कारागिराला चेहऱ्यावरचा एक टाकाही गाळवला नाही, एवढंच माझं नशीब. मी त्या प्रकरणातून शिकलो ते वेगळंच. खून झाला नाही हे कळलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं, केस संपली असं वाटलं. ती संपली नव्हती, हे त्या मागे सरकलेल्या पावलाने दाखवलं. आमच्या कागदावर खून आणि मारहाण वेगवेगळ्या कलमांत बसतात. त्या पोराच्या अंगात ती दोन्ही एकाच ठिकाणी बसली होती.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात बदली झाली तिथे नव्या शिपायांना मी पहिल्या दिवशी हेच सांगत आलो. मारहाणीची तक्रार घेऊन बाई आली की तिला घरातलं घरात मिटव असं सांगायचं नाही. ती ठाण्यापर्यंत चालत आली आहे, म्हणजे ते घरात मिटलेलं नाही.